थेंबाथेंबानं

पुन्हा गोळे. तासाभरापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली विटांसारख्या लांबट, ठाकठीक दिसणाऱ्या हृदयाच्या पेशी आकसून वाटाण्यासारख्या गोल झाल्या होत्या. मेल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या.

ऑपरेशनमधून आलेला हृदयाचा एवढासा तुकडा, तो काही रोज मिळत नाही. पेशी सुट्या करताना त्यांचं कॅल्शियम काढून घ्यावं लागतं, आणि धडधडायचं तर कॅल्शियमच लागतं. म्हणून तिनं ते मन लावून परत दिलं होतं. जे हवं तेच दिलं आणि त्यानंच जीव गेला. हा कुठला न्याय, तिला काही कळेना.

"एकदम दिलंस?" प्रयोगशाळेच्या मॅडमनी मागून विचारलं.

"शरीरात असतं तेवढंच दिलं."

"अगं, किती वेळ उपाशी होत्या त्या. चिमूटभर द्यायचं, थांबायचं. सोसलं तर पुढचं. तुझी माया झेपत नाही त्यांना."

तेवढ्यात आईचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"दादा आलाय गं."

भांडून घर सोडून गेलेला थोरला भाऊ. इतक्या वर्षांत ना फोन, ना निरोप.

"सगळ्यांना बोलावून घेतलंय. त्याच्या आवडीचं सगळं केलंय. तरी निघतो म्हणतोय. माझं काय चुकलं?"

ती धावतपळत पोचली तेव्हा घर गच्च भरलं होतं. मावशी दादाचा हात धरून रडत होती. काका नोकरी सुचवत होते, शेजारीण स्थळं. कुणीतरी विचारत होतं, इतके दिवस होतास कुठे. दादा दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसला होता, मांडीवर पिशवी, पायात बूट तसेच. ती पुढे झाली.

"मावशी, काका, उद्या या सगळे."

"आम्ही काय परके आहोत?" मावशी फणकारली.

सांगणार तरी काय, पेशींचं? तिनं नुसते हात जोडले. मंडळी तोंडं वाकडी करत उठली.

आई भरलेलं ताट घेऊन तशीच उभी. "डोकं फिरलंय का तुझं? इतक्या वर्षांनी आलाय माझा मुलगा, आणि त्याला काहीच द्यायचं नाही?"

"द्यायचं. पण थोडं."

तिनं दादापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि शेजारी जमिनीवर बसली. काही विचारलं नाही. ताट ओट्यावर ठेवून आईही येऊन बसली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दादानं पाणी संपवलं.

"आता विचारू?" आई कुजबुजली.

"थांब."

दादा खाली वाकला. बुटाच्या नाडीला हात घातला. निघालाच, असं वाटून आईनं डोळे मिटून घेतले.

त्यानं एका पायातला बूट काढला.