शांत मोटर

बोटीची हौस वसुधाबाईंची होती. मोटर मात्र सर्वांत कर्कश हवी, असा त्यांचे पती, निवृत्त अभियंते भय्यासाहेब यांचा आग्रह होता. ओमती बाजारातला मोटरचा दुकानदार चक्रावला. "साहबजी, लोग तो शांत वाली माँगते हैं." वसुधाबाईंनी शांतच घेतली, पाण्यावर निदान दोन शब्द तरी बोलता येतील, असे त्यांना वाटले.

रविवारी सकाळी बोट धरणाच्या जलाशयात मध्यावर पोहोचली. तिथे तळाशी एक गाव होते. पस्तीस वर्षांपूर्वी पाणी चढण्याआधी ते पूर्ण रिकामे झाल्याचा दाखला भय्यासाहेबांनीच, कचेरीतली खुर्ची न सोडता, अत्यंत सुवाच्य अक्षरांत लिहून दिला होता. त्या दाखल्यावर त्यांना बढतीही मिळाली होती.

मोटर जवळजवळ निःशब्द चालत होती. वसुधाबाई अचानक पाण्याकडे वाकल्या.

"अहो, खाली कोणी मास्तर हजेरी घेऊन राहिले."

"भास आहे तो. गाव रिकामं होतं."

"चूप बसा जरा, ऐकू द्या."

त्या बराच वेळ कान देऊन ऐकत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

"काहून खोटं बोलता? एकही पोर गैरहजर नाही."