कोरा चहा

"ताई, कशालाही हात लावू नका, मी निघालोच," असं फोनवर दरडावून खोतांनी मोटारसायकलला किक मारली. दूध संघाच्या सगळ्या केंद्रांवरचे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. इंटरनेटची लाइन आजच्यासारखी गेली तर मोबाइलच्या नेटवर जायचं, एवढं साधं सेटिंगही बदलायची मुभा त्यांनी केंद्रावर कुणाला दिली नव्हती. बोट दिलं की लोक हात धरतात, हे खोतांचं ठाम मत.

नेमकं वाटेत चाक पंक्चर झालं. ते पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. कॉम्प्युटरवर नोंद झाल्याशिवाय दूध टाकीत ओतायचं नाही, हा संघाचा नियम. त्यामुळे बायाबापड्या भरल्या किटल्या घेऊन तिष्ठत बसलेल्या. खोतांनी हां हां म्हणता नेट सुरू केलं, पण तोवर दूध नासलं होतं. केंद्र सांभाळणाऱ्या हौसाताईंनी नेहमीसारखा चहाचा कप पुढे केला.

कोरा चहा. तोही दूध संघाच्या केंद्रावर!

खोत कप तसाच ठेवून पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले. नेटचं सेटिंग बदलायची तेवढी मुभा त्यांनी हौसाताईंना दिली. बाकी सगळं बंदच ठेवलं.

पुढच्या आठवड्यात सकाळीच केंद्रावरून फोन आला, तसा खोतांचा हात हेल्मेटकडे गेला. "नेट गेलं का?"

"गेलं होतं, मीच सुरू केलं," हौसाताई म्हणाल्या. "दूध टाकीत गेलं. तुमच्या चहापुरतं तेवढं बाजूला ठेवलंय."