आपला आणि परका

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या रक्तातलं एक प्रोटीन तपासायला मुंबईहून डॉक्टरीणबाई खेडला आल्या. एलिझरकाकांशिवाय त्यांना आणखी दोन माणसं हवी होती, एक काकांच्यातलं आणि तुलनेला एक अगदी परकं. नावं लिहायची नव्हती.

काका दोघांना घेऊन आले. पहिला अयूब. काका शनिवार पाळतात, विस्तवाला हात लावत नाहीत, म्हणून चाळीस वर्षं त्यांचा शनिवारचा चहा अयूबच उकळतो. "हा आपला," काका म्हणाले. दुसरा दोन आवारांमधल्या जांभ्याच्या गडग्यापलीकडे राहणारा. त्यालाही अयूबनेच हाक मारून आणलेलं. त्याच्याकडे न बघताच काकांनी सांगितलं, "हा परका."

बाईंनी नळ्यांवर तसंच लिहिलं.

दोन महिन्यांनी फोन आला. "काका, काहीतरी घोटाळा झालाय! तुमच्या रक्तात प्रोटीनचा जो दुर्मीळ प्रकार आहे, तो 'आपला' लिहिलेल्या नळीत नाहीच. तो 'परका' लिहिलेल्या नळीत निघाला!"

काकांनी गडग्याकडे बघत कपाळावर हात मारला.



"सख्खा भाऊच तो! बापसाचा फणस लाटलान, आता माझ्या रक्तातपण वाटा काढलान!"