रोवेनाचा सिनेमा कुणाला द्यायचा

"किती जण बघतील?" डेन्झिल कर्नोने विचारलं.

हॅलम लंडनहून आला होता. सिनेमे वितरित करण्याचा त्याचा धंदा. न्यूलिनच्या बंदरावर मासळीचा वास येतो याचं त्याला आश्चर्य वाटलं होतं आणि ते त्याने दारातच बोलून दाखवलं होतं. आता तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या कडेवर बसला होता, कोट चुरगळणार नाही अशा बेताने.

"आकड्यांच्या मागे लागू नका, मिस्टर कर्नो. हा सिनेमा एक संवाद सुरू करेल."

"कुणाशी?"

हॅलमने टॅम्सिनकडे पाहिलं. टॅम्सिन या सिनेमाची संकलक. रोवेनाने साठीनंतर हा पहिला सिनेमा काढला, साठवलेला पैसा घालून, कित्येक वर्षं राबून. संकलन पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत ती गेली. हक्क नवऱ्याकडे, म्हणजे डेन्झिलकडे आले. आणि नवऱ्याने आयुष्यभर बंदरावर बर्फ विकला होता.

"आकडा सांगा," टॅम्सिन म्हणाली. "त्यांना आकडाच हवाय."

"आधी लंडनमध्ये एक आठवडा. तिथे लागल्याशिवाय पेपरवाले परीक्षण लिहीत नाहीत. मग दहा-बारा शहरं. वीस हजार लोक सहज बघतील. सुजाण प्रेक्षक."

"म्हणजे गाईचं सोडून ओटचं दूध पिणारे."

हॅलमला हे फार आवडलं. "ब्रिस्टलला आम्ही खासगी खेळ ठेवला होता. तो नवरा पडद्यावर आला की लोक हसून लोळायचे. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला बादली देतो! रोवेनाबाईंनी असला नग शोधला कुठून?"

"बादली चांगल्या पत्र्याची होती," डेन्झिल म्हणाला.

हॅलम इतका हसला की चहा त्याच्या विजारीवर सांडला. "वा! हे वाक्य जाहिरातीत घालू या."

डेन्झिलने त्याला फडकं दिलं नाही.

तो गेल्यावर टॅम्सिन म्हणाली, "वीस हजार काही वाईट नाही."

"ज्याला धड चहा पिता येत नाही, त्याच्या हातात रोवेनाची एवढी मेहनत द्यायची?"

टॅम्सिन हसली. रोवेनामागे तिच्या कामाची इतकी काळजी करणारं कुणी आहे, याचं तिला बरं वाटलं.

जेवणानंतर लव्हडे ट्रेम्बाथ आली. तिच्याकडे एक जुनी व्हॅन, एक पडदा आणि घडीच्या खुर्च्या होत्या. गावोगावच्या सभागृहांत ती सिनेमे दाखवायची. डेन्झिल आणि ती एकाच शाळेतले.

"लंडनला घाल खड्ड्यात," ती बसायच्या आधीच म्हणाली. "मला दे."

"किती जण बघतील?"

"सगळे! इथपासून सेंट जस्टपर्यंत एक घर सुटणार नाही. तुझे बर्फाच्या कारखान्यातले सोबती, चर्चमधल्या बायका, सगळे. मध्यंतरात मांस भरलेली गरम पेस्टी, शेवटी लकी ड्रॉ."

"पेस्टी खात बघायचा सिनेमा आहे का तो?"

"तोंड चालू असलं की माणूस नीट बघतो, येड्या."

"आणि मागच्या खेळाला पडदाच कोसळला म्हणे."

"एकदाच कोसळला. आणि कुणी उठून गेलं नाही!" लव्हडेने दुसरं बिस्किट घेतलं. "खेळ संपला की तुला पुढे खुर्चीवर बसवू. लोक विचारतील, तू सांग."

"काय विचारतील?"

लव्हडेने खिडकीबाहेर पाहिलं. "विचारतील काहीतरी."

"तुझी व्हॅन रस्त्यात बंद पडते, लव्हडे. पडदा पडतो. पेस्टीसुद्धा तू त्या पेंझान्सच्या भामट्याकडून आणतेस, आत निव्वळ बटाटा."

लव्हडेचा चेहरा लाल झाला. "रोवेना असती तर तिने मलाच दिला असता."

"असती तर दिला असता," डेन्झिल म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

व्हॅन दोन-तीन आचके देऊन सुरू झाली. टॅम्सिनने कप विसळायला घेतले.

"तुमच्या पसंतीला कुणीच उतरत नाही, डेन्झिल. असं करत बसलात तर तिचं काम कपाटात पडून राहील. एवढं तरी होऊ देऊ नका."

"आणखी एक जण होतं ना?"

"ती इंटरनेटवाली कंपनी? त्यांचं नावच काढू नका. छोटे सिनेमे घाऊक घेतात, टोपलीने मासळी घ्यावी तसे. हक्क पंधरा वर्षं त्यांच्याकडे, आणि दाखवायचं बंधन मात्र नाही."

"फोन तर लाव. त्यांनाही विचारू."

टॅम्सिनने नाक मुरडलं, पण नंबर लावला आणि दोघांना ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला. पलीकडे फिलिपा नावाची कुणी बाई होती. दिवस संपत आला होता आणि आवाजावरून ती दमलेली वाटत होती.

"किती जण बघतील?" डेन्झिलने विचारलं.

"खरं सांगू का, मिस्टर कर्नो? मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय. आम्ही यादी फुगवायला सिनेमे घेतो. असे शेकडो आमच्याकडे धूळ खात पडलेत. तुमचा त्यातून कधी वर येईल असं मला वाटत नाही. आणि एकदा आम्ही घेतला की दुसऱ्या कुणालाही तो दाखवता येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पंधरा वर्षं तो कुणीही बघणार नाही."

"ऐकलंत?" टॅम्सिन तडकली. तिने ओले हात तसेच पुढे केले. "निर्लज्ज कुठले! ठेवा तो फोन."

डेन्झिलने तिचा हात हलकेच बाजूला केला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज अदबीचा झाला.

"बाई," तो म्हणाला, "हे करारात लिहून द्याल का?"