चौथा खुंट

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा तीच चौकट आली. हा पत्ता आधीच दुसऱ्या मशीनने घेतलेला आहे.

मंजुळाने खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीतून आत आलेली केबल वायरलेसच्या डब्यापर्यंत हाताने चाचपून पाहिली. डबा तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला होता, सोमवारी परत द्यायचा होता. तसाच दुसरा डबा तिने सकाळी खाडीपलीकडे, चेंदणी कोळीवाड्यात, थोरल्या भावाच्या, दामाजीच्या घरी बसवला होता. त्याच्या पत्र्यावर एक अँटेना आणि इथे कळव्याला धाकट्या कान्हाच्या गच्चीवर एक. मध्ये फक्त पाणी.

त्यांची आई, चंद्रभागा, पलंगावर कुशीवर पडून पडद्याकडे बघत होती. तिचं अर्धं अंग गेलं होतं. दामाजीला मुलगी झाली, तिचं बारसंही झालं. आजीने तिला अजून पाहिलं नव्हतं. बाप गेल्यापासून दामाजी या घरात पाऊल ठेवत नव्हता. बाळाला कॅमेऱ्यापुढे धरायला मात्र तो कबूल झाला होता. त्यासाठी कुणाच्या दारात जावं लागणार नव्हतं.

"दिसली काय गं?"

"नाही अजून, आये."

"अँटेना फिरली असेल," कान्हा दारातून म्हणाला. "वारा बघ ना किती आहे. मी मघाशी बघून आलेलो, तरी फिरली असेल."

मंजुळाने केबल काढली. चौकट गेली. केबल लावली. थोड्या वेळाने चौकट आली.

"अँटेना बरोबर आहे," ती म्हणाली. "इथलं तिथे पोचतंय. पोचत नसतं तर पत्त्यावरून भांडण लागलंच नसतं. प्रत्येक मशीनला आपला वेगळा आकडा लागतो, आणि दोन्हीकडे एकच पडलाय. मी गच्चीवर होते तेव्हा तू काय टाकलास?"

"तू म्हणालीस, कुठलाही टाक."

"दादापेक्षा वेगळा टाक म्हणाले होते मी. काय टाकलास?"

"चार."

तिने फोन लावला. दामाजीने लगेच उचलला. तोही तिकडे तीच चौकट बघत बसला असावा.

"दादा, सकाळी शेवटचा आकडा तू काय टाकलास?"

"चार," दामाजी म्हणाला. "का?"

चारच का, ते मंजुळाने दोघांपैकी कुणालाच विचारलं नाही. खाडीत जाळी बांधायला रोवलेले खुंट पुलाकडून मोजले तर चौथा त्यांच्या बापाचा, धाकू कोळ्याचा. धाकू त्यालाच जाळं बांधायचा आणि त्याचा बापही त्यालाच बांधायचा. घर वाटता येतं, होडी विकून पैसे वाटता येतात. खुंट एकाकडेच जातो. धाकू गेल्यावर दोघा मुलांनी तो मागितला. तेव्हापासून त्याला कुणीच जाळं बांधलं नव्हतं. ओहोटीला तो चिखलात नुसता उभा दिसायचा.

"दादा, तुझा बदलतोस? दुसरा कुठलाही चालेल."

"थोरला मी आहे, मंजू. त्याला सांग. लहानपणी होडीत उलट्या करायचा, आता त्याला चार पाहिजे."

तिने रिसीव्हरवर हात ठेवला.

"काय म्हणतो?" कान्हाने विचारलं.

"काही नाही. तू बदल ना."

"बाबा थकल्यावर त्यांच्याबरोबर होडीत कोण जायचं? विचार त्याला. हा कंपनीत एसीत बसलेला."

"कान्हा, हा मशीनचा आकडा आहे रे. खुंट नाही."

"नुसता आकडा आहे ना? मग त्याला बदलू दे."

मंजुळाने रिसीव्हरवरचा हात काढला नाही.

"चार माझा," आई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. आईची जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते.

"बापूस जालं बांधायचा. मासली मी विकायची. मी जिती हाय तवर चार कुनी घ्यायचा नाय." ती दम घ्यायला थांबली. "त्याला पन सांग."

मंजुळाने आईचेच शब्द फोनवर सांगितले. पलीकडून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं.

कान्हाने कीबोर्ड पुढे ओढला आणि आकडा खोडला. दुसरा कुठला टाकला ते त्याने सांगितलं नाही.

"काढला," फोनमध्ये दामाजी म्हणाला. "फोन स्पीकरवर ठेवतो, बाळाला घेतो."

चौकट आली नाही. बऱ्याच वेळाने पडद्यावर राखाडी ठिपके दिसले, मग झटक्याझटक्याने पिवळं झबलं, काळेभोर केस, गालावरची तीट. बाळ कॅमेऱ्याच्या फार जवळ धरलं होतं. त्याच्या काखेखाली दोन हात होते. धरणारा कुठेच दिसत नव्हता.

"बघ आये, तुझी नात."

आई खूप वेळ बघत राहिली. मग तिने चालता हात उचलून पडद्याकडे बोट केलं. बाळाकडे नाही, त्याच्या खाली.

"हात सुकलं दामाजीचं," ती म्हणाली. "त्याला दाव."

"दादा," मंजुळा फोनवर म्हणाली, "कॅमेरा जरा वर कर."

चित्र गोठलं. मग हललं. बाळाचं डोकं खाली गेलं आणि शर्टाची बटणं आली, मग कॉलर. तिथे येऊन ते थांबलं.

"दादा?"

कान्हा पुढे आला आणि त्याने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला. तो कानाला लावून, पडद्यावरच्या कॉलरकडे बघत उभा राहिला.

"अजून वर," तो म्हणाला.