आवाज नको

मास्तरांनी उजवी बाही डावीकडे लावली होती आणि वर इस्त्रीही फिरवून ठेवली होती. मालकांनी कोट हँगरवरून काढला, खिडकीपाशी नेला, परत आणला.

"मास्तर, हा कोट घालून गिऱ्हाइकानं उलटं चालायचं का?"

"उसवून देतो," मास्तर म्हणाले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं.

"घरी सगळं ठीक ना?"

"लेकीची परीक्षा आहे सोमवारी."

"परीक्षा लेकीची, मग तुमचे डोळे का असे तांबारलेत?"

मास्तर बाही उसवायला बसले. सांगणार काय, कप्पाळ? झोपलो की घोरतो, म्हणून झोपतच नाही, हे काय चारचौघांत सांगायचं?

आणि घोरणं तरी कसलं! बायको म्हणायची, आपल्याकडे शिलाई मशीन दोन, एक दुकानात आणि एक पलंगावर. लेकीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. ती म्हणायची, "पहिला पेशंट घरातच आहे." तिची खोली शेजारीच, मध्ये एवढीशी पातळ भिंत.

गेल्या वर्षी याच प्रवेशपरीक्षेच्या आदल्या रात्रीच मास्तरांच्या छातीत कळ आली होती. बायको शेजारी गाढ झोपलेली. कसं कोण जाणे, लेकीलाच आधी कळलं. तिनंच आईला हलवलं, तिनंच गाडी बोलावली. सकाळी बाकीची मुलं पेपर लिहीत होती आणि ही दवाखान्याच्या बाकावर बसून होती. मास्तर वाचले, पोरीचं वर्ष गेलं. यंदाची संधी शेवटची. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

त्यामुळे एका सकाळी चहा घेताना लेक सहज म्हणाली, "रात्री जरा जागच होते मी," आणि मास्तरांनी कप खाली ठेवला. एक वर्ष आपण खाल्लं, आता तिची झोपही खातोय की काय! त्या दिवसापासून त्यांनी पाठीला उशा लावून रात्रभर बसायला सुरुवात केली. मान कलली की बायको चिमटा काढायची. तीही बिचारी पेंगत पेंगतच काढायची, त्यामुळे कधी कधी उशीलाच बसायचा.

"अहो, डॉक्टरांनी झोप सांगितलीय तुम्हाला," ती कुरकुरायची.

"परीक्षा होऊ दे. मग महिनाभर उठवू नकोस मला."

घर अगदी चिडीचूप झालं. भिंतीवरच्या घड्याळातला सेलसुद्धा मास्तरांनी काढून ठेवला. पण लेकीचं मात्र काही खरं नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं. एकदा तर तिनं चहात मीठ घातलं आणि तो तसाच पिऊन टाकला. खिडकीतून गार वारा लागतो म्हणाली आणि पलंग ओढून मधल्या भिंतीला लावून घेतला. रात्री सारखी पाण्याला उठायची. तिची पावलं वाजली की मास्तर झटकन आडवे होत, श्वास रोखून ओंडक्यासारखे पडून राहत. ती दाराशी थांबायची. एकदा आत आली आणि तिनं त्यांचं पांघरूण सारखं केलं. हात छातीवर जरा रेंगाळला. एवढ्या काळजीतही बापाला थंडी वाजेल याचं भान आहे पोरीला, या विचारानं मास्तरांना भरून आलं.

"झोप लागते ना गं?" शनिवारी जेवताना त्यांनी विचारलं.

"लागते की." तिनं ताटातून मान वर केली. "तुम्हाला बरं वाटतंय ना बाबा?"

"मला काय धाड भरलीय?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उरलेलं तसंच टाकून उठली.

"पेपर लिहिताना चक्कर येऊन पडेल हो ही," बायको स्वयंपाकघरात म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "जीव तोडून अभ्यास केलाय, आणि ऐन वेळी असं. अजून काय करायचं आपण?"

 मास्तर इतके दमले होते की रडूही येईना.

रविवारी दुपारी बायको भाजी आणायला गेली. लेक दार लोटून आडवी झाली होती. मास्तर खुर्चीत तिचा उद्या घालायचा शर्ट घेऊन बसले. एक बटण सैल झालं होतं. दोरा सुईत ओवेपर्यंत त्यांना शुद्ध होती.

बायकोला जिन्यातच आवाज ऐकू आला. पिशवी तिथेच टाकून ती धावत वर आली आणि तिनं मास्तरांना गदागदा हलवलं.

"अहो, उठा! घोरताय! पोर आत झोपायला गेलीय ना!"

मास्तर दचकून उठले. सुई खाली पडली. "अरे देवा! जागी झाली का?"

आतलं दार उघडलं. लेक उंबऱ्यात उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ, डोळे झोपेनं जडावलेले.

"चुकलं गं बाळा," मास्तर म्हणाले. "डोळा लागला माझा. तू जा, झोप. आता नाही आवाज करणार."

"आई, कशाला उठवलंस त्यांना?" लेक रडकुंडीला आली होती. "आठवडाभरात आत्ता कुठे झोप लागली होती मला. रोज भिंतीला कान लावून पडते, आवाजच येत नाही. गेल्या वर्षी घोरणं थांबलं, म्हणूनच तर धावत आले होते मी."