छपरावरचा अँटेना

"अजून वर घ्या," तिने अंगणातून ओरडून सांगितलं.

"ताई, पाइप संपला!" छपरावर पाय फाकून बसलेला वायरमन म्हणाला. "याच्यावर गेलो तर मीच हवेत लटकेन."

तिला हसू आलं नाही. समोर टेकडी होती, टेकडीपलीकडे समुद्र. एकवीस दिवसांपूर्वी तिचा नवरा एकटाच बोट घेऊन मासेमारीला गेला तो परतलाच नव्हता. शोधायला आलेल्या सरकारी बोटींनी आठवडाभरात हात टेकले. शेजारीपाजारी तिच्याशी दबक्या आवाजात बोलू लागले.

धाकटा दीर मात्र रोज सकाळी आपली बोट काढायचा. उन्हं कलली की परतायचा आणि दारातूनच मान हलवायचा. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं सगळे म्हणत.

काल अँटेनाचं कळल्यावर तो एकदम तडकला होता.

"वहिनी, कशाला जिवाला घोर लावून घेता? मी शोधतोय ना?"

"तुम्ही एकटे किती फिराल, भाऊजी? बाकीच्या बोटवाल्यांना काही दिसलं, तर निदान कानावर तरी येईल."

तो तणतणत बाहेर पडला. आज तर उजाडायच्या आतच निघून गेला.

वायरमनने क्लॅम्प आवळले, पाइप तिन्ही बाजूंनी तारांनी ताणून बांधला आणि केबल खिडकीतून आत सोडली. टेबलावर बोटीवरचा एक जुना वायरलेस सेट होता. बंदरावरच्या मेकॅनिकने तो दुरुस्त करून दिला होता, पण स्पीकर काही बोलता झाला नव्हता. तिने हेडफोन कानाला लावला.

सासरे खुर्ची ओढून समोर येऊन बसले. तीन आठवड्यांत माणूस निम्मा झाला होता. रोज एकच वाक्य बोलायचे: "काय ते एकदाचं कळू दे. वाट बघवत नाही आता."

तिने बटण फिरवलं. खरखर. कुणीतरी बर्फ संपल्याची तक्रार करत होतं. कुणाचं जाळं फाटलं होतं. पुन्हा खरखर. तिने आणखी थोडं फिरवलं आणि दिराचा आवाज आला, अगदी शेजारी उभा असल्यासारखा.

"...म्हणून म्हणतोय, आजपासून इथे बोलणं बंद. वहिनी घरावर अँटेना बसवतेय."

"बसवू दे." अकरा वर्षं रोज ऐकलेला तो आवाज होता. "आणखी चार दिवस शोधल्यासारखं कर. मग सांगून टाक, सापडला नाही म्हणून."

"आणि बाबा?"

"रडतील थोडे दिवस."

मागून कुणा बाईने त्याला जेवायला हाक मारली.

"आलो गं," तो म्हणाला. मग नुसतीच खरखर उरली.

"ताई, येतंय का काही?" वायरमनने वरून विचारलं.

सासऱ्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. तिच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. "सूनबाई, बोल. काही कळलं का?"

तिने हेडफोन काढला. सेट बंद केला. खुर्चीपाशी गेली, खाली बसली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"हो, बाबा," ती म्हणाली. "भाऊजींचाच आवाज होता. हे बुडाले."